क्रेट परत जातो, पिशवी जात नाही

सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही दुधाच्या दुकानासमोर जरा थांबा. टेम्पो येतो, रंगीत प्लॅस्टिकचे क्रेट धडाधड उतरतात, प्रत्येकात दुधाच्या पिशव्या खच्चून भरलेल्या. दुकानदार कालचे रिकामे क्रेट वर चढवतो. टेम्पो निघून जातो. सगळं काम दोन-चार मिनिटांचं.

पण त्या मिनिटांत किती वेगळी दोन नशिबं ठरली पाहा! पिशवी कोणाच्या तरी घरी जाईल, कात्रीने तिचा कोपरा कापला जाईल, दूध पातेल्यात पडेल आणि तिचं आयुष्य तिथेच संपेल. क्रेट मात्र उद्या पुन्हा येणार, परवाही येणार. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, डेअरीचं उठावाचं नाव घासून पुसट झालं आहे, उन्हाने रंग विटला आहे. कैक वर्षं तो हीच वारी करतो आहे.

आणि आश्चर्य असं की पिशवी आणि क्रेट दोन्ही एकाच कुळातल्या पदार्थाचे. दोन्ही पॉलिथिन!

या पॉलिथिनचा जन्मही योगायोगाचाच. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच इथल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवं ते मिळालं नाहीच, पण भांड्यात पांढरा, मेणचट थर जमलेला दिसला. पुन्हा करू गेले तर धड जमेना. कारण कळायला दोन वर्षं गेली. वायूत चुकून मिसळलेल्या चिमूटभर ऑक्सिजनने ही किमया घडवली होती. इथिलीनचे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन हजारो कड्यांच्या साखळ्या तयार झाल्या होत्या. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीगलर यांनी तेच काम साध्या दाबाखाली करून दाखवलं, आणि या साखळ्या निघाल्या सरळसोट.

फरक इथेच आहे. साखळीला बाजूने फांद्या फुटल्या की साखळ्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत, पदार्थ मऊ आणि लवचीक राहतो, त्याचा पातळ पापुद्रा काढता येतो. ती झाली पिशवी. साखळ्या सरळ असल्या की दाटीने रचल्या जातात, पदार्थ कडक आणि दणकट होतो. तो झाला क्रेट. अणू तेच, कार्बन आणि हायड्रोजन. दोघंही सहजासहजी न कुजणारे. मग एक उकिरड्यावर आणि दुसरा वर्षानुवर्षं कामावर, असं का?

क्रेटसाठी परतीची गाडी आहे, म्हणून. जो टेम्पो त्याला आणतो तोच त्याला नेतो.

बाजारात नेतो त्या बंडीच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचंही असंच. स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी ती घडवली, १९६५ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट निघालं. त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं की वडील घडी घातलेली एक पिशवी नेहमी खिशात बाळगत आणि तीच पुन्हापुन्हा वापरत. इतकी हलकी आणि मजबूत वस्तू लोक एकदा वापरून टाकून देतील, हे त्यांना पटलंच नसतं!

तेव्हा एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला पर्याय शोधायचा, तर ‘कशाचं बनवायचं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘परत कसं आणायचं’. परत येणारं भांडं घडवणं ही काय विलक्षण कारागिरी आहे, ते आता पाहू.

सुरुवात झाकणापासून. भांडं परत येतं, पण झाकण? ते तर उघडल्याबरोबर कचऱ्यात. या कोड्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उत्तर आपल्या जत्रांमध्ये आणि एसटी स्टँडांवर पिढ्यान् पिढ्या मिळत आलं आहे. गोटी सोडा!

हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये ही बाटली पक्की केली. हातात घेऊन नीट बघा. गळ्यात आतून रबराची चकती, तिच्या खाली अडकलेली काचेची गोटी, आणि त्याखाली बाटलीची मान दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी अरुंद. सोडा भरताना बाटली उलटी होते, गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतल्या वायूचा दाब तिला रबरावर गच्च दाबून धरतो. बाटलीतला दाब वातावरणाच्या तिप्पट-चौपट धरला, तर एवढ्याशा गोटीवर दोन-तीन किलोंचा रेटा येतो. ना बूच, ना पत्र्याचं टोपण, ना आटे. सोडा स्वतःच स्वतःला बंद करतो! अंगठा किंवा लाकडी खुंटी दाबली की फट्कन आवाज होतो, गोटी खाली पडते, आणि बाटली तोंडाला लावताना बरोबर बाजू वर ठेवली तर काचेतल्या दोन खोबणींत अडकून वाटेत येत नाही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने झाकण आणि बाटली यांची ताटातूटच होऊ दिली नाही. कचरा होईल असा एकही सुटा भाग त्यात नाही. इंग्लंडमध्ये पोरं गोट्यांसाठी बाटल्या फोडत, तेवढाच काय तो नाश!

झाकण झालं, आता अंग. परत येणाऱ्या बाटलीला आदळआपट सोसावी लागते, आणि काच म्हणजे तर नाजूकपणाची खूण. नाही का? मुळीच नाही. नुकत्याच ओढलेल्या काचेच्या बारीक धाग्याची ताकद पोलादाला मागे टाकू शकते. मग गिलास हातातून पडला की खळ्ळकन का फुटतो? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. दोष काचेत नसतो, तिच्यावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांत असतो. ताण आला की तो सगळा ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो, तिथून चीर धावत सुटते. म्हणजे ओरखडा टाळा आणि काच टिकवा.

पण क्रेटमध्ये एकमेकींवर आपटणाऱ्या बाटल्यांना ओरखडे पडणारच. मग कारागिरांनी काय करावं? त्यांनी ओरखड्यांची जागाच ठरवून टाकली! परतीच्या बाटलीला खांद्यापाशी आणि बुडापाशी किंचित फुगीर पट्टा असतो. दोन बाटल्या शेजारी आल्या की फक्त हे पट्टे एकमेकांना भिडतात, मधलं अंग शाबूत राहतं. काचेच्या बाटलीतून थंड पेयं प्यायलेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. खांद्यावर आणि खाली तो पांढरट, खरखरीत झालेला पट्टा आठवतो का? पट्टा जितका पांढरा तितक्या तिच्या फेऱ्या जास्त. बाटलीचं वय तिच्या अंगावर असं वाचता येतं.

आता धुणं. हा टप्पा लोकांना सगळ्यात जास्त धाकधूक लावतो. दुसऱ्याने प्यायलेल्या बाटलीतून मी प्यायचं? अहो, हॉटेलातल्या कपाबशीला आपण कधी हे विचारलं? आणि बाटलीचं स्नान तर कपाबशीपेक्षा कितीतरी कडक असतं.

कारखान्यात बाटली आधी कोमट पाण्यात जाते, मग अधिक गरम, मग कॉस्टिक सोड्याच्या साधारण ८० अंशांच्या द्रावणात. थेट का बुडवत नाहीत? साध्या काचेच्या बाटलीला एकदम ४०-४५ अंशांचा फरक सोसवत नाही, ती तडकते. म्हणून चढत चढत जायचं आणि तसंच उतरत उतरत यायचं. कॉस्टिक सोडा चिकट थर सोडवतो, जंतू मारतो, आणि लेबलही उतरवतो. लेबलांसाठी केसीनचा गोंद वापरण्याची पद्धत जुनी आहे. केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन! थंड, ओल्या बाटलीवर हा गोंद घट्ट धरून राहतो आणि गरम कॉस्टिक लागताच हात सोडतो. म्हणजे लेबल लावताना ते निघायचं कसं, याचाही विचार आधीच झालेला.

पाण्याची युक्ती तर मला फारच आवडते. बाटल्या पुढे जातात आणि पाणी उलट दिशेने मागे येतं. स्वच्छ ताजं पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. तेच पाणी गोळा करून आधीच्या टप्प्याला, तिथून त्याच्याही आधीच्या. पाणीटंचाईच्या गावात बाया शेवटच्या भांड्याचं विसळण पहिल्या खरकट्या भांड्यावर ओततात, अगदी तसंच. त्यानंतर कॅमेरे प्रत्येक रिकाम्या बाटलीचं तोंड, बूड आणि अंग तपासतात. टवका उडालेली, तडा गेलेली, तळाशी थेंबभर काही राहिलेली बाटली धावत्या पट्ट्यावरून क्षणात बाजूला ढकलली जाते.

भांडं टिकाऊ झालं, लखलखीत झालं. आता सगळ्यात अवघड भाग. ते घरी परत येणार कसं?

याची दोन उत्तरं आहेत, एकमेकांच्या अगदी उलट, आणि दोन्ही आपल्या रोजच्या ओळखीची.

पहिलं उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांचं. १८९० पासून चाललेली ही व्यवस्था करोनाच्या आधी रोज सुमारे दोन लाख डबे पोचवत होती आणि संध्याकाळपर्यंत तितकेच रिकामे डबे ज्याच्या त्याच्या दारात परत आणत होती. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं, आकडे आणि खुणा असतात. कुठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं त्या तळहाताएवढ्या जागेत. परतीसाठी वेगळा पत्ता लागतच नाही, तीच खूण उलटी वाचायची! इथे प्रत्येक डबा वेगळा आणि प्रत्येकाला स्वतःचं घर.

दुसरं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली उभं आहे. गॅसचा सिलिंडर. आपण त्याला पॅकिंग म्हणत नाही, पण तो दुसरं काय आहे? आपण विकत घेतो तो १४.२ किलो गॅस. टाकी आपली नव्हेच, तिचं डिपॉझिट तेवढं आपण भरलेलं. आणि आपण दिलेली टाकी आपल्याकडे परत येत नाही, तिच्यासारखी दुसरीच येते. आज तुमच्याकडे असलेली टाकी मागच्या महिन्यात कोणाचा वरणभात शिजवत होती, कोण जाणे! देशात घरगुती गॅसच्या ३० कोटींहून अधिक जोडण्या आहेत आणि टाक्यांचा हा अखंड फेरा चालू आहे.

टाकी दारात आली की तिच्या गळ्याभोवतीच्या कड्याला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या बघा. एकीवर रिकाम्या टाकीचं वजन असतं, बहुधा १५-१६ किलोंच्या घरात, दशांशासकट. सगळ्या टाक्या हुबेहूब सारख्या घडत नाहीत, म्हणून प्रत्येकीच्या अंगावर तिचं वजन. भरलेली टाकी काट्यावर ठेवा, हा आकडा वजा करा, गॅस पुरेपूर आहे की नाही ते कळलं. दुसऱ्या पट्टीवर ‘बी-२७’ किंवा ‘डी-२८’ अशी खूण सापडेल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षाच्या त्या तिमाहीत टाकी तपासणीला परत गेली पाहिजे. धातूवरच्या दोन खुणांवर केवढी अफाट व्यवस्था उभी राहते!

म्हणजे एक तर प्रत्येक भांड्याला नाव द्या, नाहीतर सगळी भांडी इतकी एकसारखी करा की नावाची गरजच उरू नये. मोठ्या पसाऱ्याला दुसरी वाट सोयीची, आणि बाटल्यांच्या बाबतीत ती जर्मनीने कुठवर नेली हे ऐकण्यासारखं आहे.

तिथे नैसर्गिक झऱ्यांचं पाणी बाटलीत भरून विकणारे अनेक छोटे-मोठे उत्पादक. एकमेकांचे स्पर्धकच. त्यांच्या सहकारी संस्थेने १९६९ मध्ये गुंटर कुपेट्झ या डिझायनरकडून ०.७ लिटरची एक काचेची बाटली बनवून घेतली आणि सगळ्यांनी तीच वापरायची असं ठरवलं. बाटलीची कंबर बारीक, पकडायला सोपी. वरच्या भागात काचेचेच २३० उठावदार मणी, जणू पाण्यातले बुडबुडे, आणि ओल्या हातातून निसटू न देणारे. अशा ५०० कोटींहून अधिक बाटल्या बनल्या. एकेक काचेची बाटली ५० वेळांपर्यंत भरली जाते. ती कोणत्या झऱ्याची होती याला महत्त्व नाही. लेबल उतरलं की ती कोणाचीही. त्यामुळे रिकामी बाटली मूळ मालकाकडे शेकडो किलोमीटर न धाडता जवळच्या कारखान्यात भरता येते. काच जड असते, दूरवर वाहायची तर डिझेल जाळून सगळी कमाई वाया जाईल. एकसारखेपणाने अंतरच कापून टाकलं!

पण लोक बाटली परत का करतील? १५ सेंट डिपॉझिटसाठी. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच महिन्यात हा धडा मिळतो. दुकानातल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या घाला, पावती घ्या, किराणा बिलातून तेवढे पैसे कमी करून घ्या. ही कल्पनाही जुनीच. डब्लिनमधली एक सोडावॉटर कंपनी १७९९ च्या सुमारास परत आणलेल्या डझनभर बाटल्यांना दोन शिलिंग देत होती.

या परतीचा हिशेब मांडला तर डोळे विस्फारतात. समजा दर फेरीला १०० पैकी ८० बाटल्या परत येतात. मग एका बाटलीचं आयुष्य सरासरी ५ फेऱ्यांचं. ९० आल्या तर १०. ९५ आल्या तर २०. आणि ९८ आल्या तर ५०! पहिल्या दहा टक्क्यांनी आयुष्य दुप्पट झालं, पुढच्या पाचांनी पुन्हा दुप्पट, आणि शेवटच्या तीन टक्क्यांनी अडीचपट. बाटली कितीही मजबूत घडवा, ती किती जगेल हे भट्टीवाल्याच्या हातात फारसं नाही. शंभरातल्या शेवटच्या पाच-दहा माणसांच्या हातात आहे.

तेवढी माणसं आपल्याकडे मिळतील का? निलगिरीकडे पाहा. तिथे दारूच्या बाटल्या जंगलात फेकल्या जात आणि फुटक्या काचांनी हत्तींचे पाय चिरत. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये सरकारी दारू दुकानांतून प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली. बाटली परत द्या, १० रुपये परत घ्या. १०० पैकी ९० हून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. कोणी प्रवचनं दिली नव्हती. १० रुपयांनी काम केलं.

प्लॅस्टिकलाही ही वाट खुली आहे, हेही सांगायला हवं. लग्नाच्या मांडवात आणि ऑफिसात दिसणारा २० लिटरचा पाण्याचा जार प्लॅस्टिकचाच, आणि तो रोज परत जातो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी २०२५-२६ साठी ४.९ लिटर आणि त्याहून मोठ्या कडक प्लॅस्टिक भांड्यांपैकी ७० टक्के पुन्हा वापरात आणण्याचं बंधन उत्पादकांवर घातलं. ०.९ लिटरपासून ४.९ लिटरपर्यंतच्या भांड्यांसाठी आकडा फक्त १० टक्क्यांचा. आणि पाच रुपयांच्या शांपूच्या पुडीचं काय? प्लॅस्टिकचे आणि बऱ्याचदा धातूचेही पातळ थर एकमेकांना चिकटवलेले, ना सुटे करता येत, ना धुता येत. भांडं जितकं छोटं तितकी परतीची वाट अवघड. तिथे दुकानात मोठं भांडं ठेवून लोकांच्या बाटलीत मोजून ओतणं, हा आपल्या वाण्याच्या तेलाच्या डब्याचा जुना मार्गच मला जास्त पटतो.

मधल्या मापाच्या बाटल्यांबाबत मात्र महाराष्ट्राला उद्यापासून काही करता येईल असं मनापासून वाटतं. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत घरोघरी कोकमाचं आगळ आणि सरबत बनतं. ते ज्या मिळेल त्या बाटलीत भरून पुण्या-मुंबईला येतं, आणि रिकामी बाटली कचऱ्यात जाते, कारण ती कोकणात परत पाठवणं परवडत नाही. पण या सगळ्या छोट्या उत्पादकांनी जर्मन झरेवाल्यांसारखी एकच बाटली ठरवली तर? पुण्यात रिकामी झालेली कोकमाची बाटली घाट उतरून परत जायलाच नको. ती पुण्यातच धुऊन निघेल आणि तासाभराच्या अंतरावर पुरंदरमध्ये अंजिराच्या सिरपने भरेल. मुंबईत रिकामी झालेली नाशिकच्या द्राक्षरसाला मिळेल. ठरवायचं आहे ते इतकंच, की बाटलीत किती मावेल, तोंड किती रुंद असेल, झाकणाचे आटे कसे असतील आणि डिपॉझिट किती. साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे करणाऱ्या राज्याला बाटलीचा संघ जड का जावा?